शाकारणीचा बिगारी

पावसाळ्याआधी घराचे छप्पर उघडायचे, लाकूड तपासायचे, फुटकी कौले बदलायची आणि सगळे पुन्हा घालून बंद करायचे, या कामाला कोकणात शाकारणी म्हणतात. एप्रिल उजाडला की गावोगाव ती सुरू होते आणि मृग लागण्याच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ती संपवावीच लागते. आढ्याजवळ बसून कौल घालणारा कारागीर रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसतो. पण त्याला शिडी धरणारा, कौले उतरवून घेणारा, घासून-निवडून परत वर देणारा, माल कालवणारा आणि संध्याकाळी अंगणातल्या खापऱ्या झाडून घेणारा माणूस लागतो. हा बिगारी. शहरातल्या दुरुस्तीच्या कामांवर त्यालाच हेल्पर म्हणतात. घर बांधून देणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव नसते. तरी छप्पर पावसाळाभर टिकेल की श्रावणात घरात भांडी मांडून ठेवावी लागतील, हे पुष्कळदा त्याने खाली अंगणात काय केले त्यावर ठरते.

कोकणात आणि गोव्यात आज दिसणारी बहुतेक कौलारू छपरे मंगलोरी कौलांची आहेत. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरच्या जेप्पू भागात, नेत्रावती नदीच्या परिसरातली चिकणमाती वापरून, या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. खाचांनी एकमेकांत अडकणारे हे कौल साधारण अडीच किलोचे असते. छपराच्या एका चौरस मीटरला सुमारे १५ कौले लागतात. दोन्ही पाखी मिळून १०० चौरस मीटरचे छप्पर असेल, तर कौले झाली दीड हजार आणि वजन पावणेचार टन. शाकारणीत हे सगळे एकदा खाली येते आणि एकदा वर जाते. क्वचित कुठे कप्पी लावलेली असते. एरवी साडेसात टनांची ही ने-आण बिगाऱ्यांच्या हातांनीच होते.

कामाची सुरुवात छपरापासून होत नाही, घराच्या आतून होते. माळ्यावरचे सामान हलवायचे, जे हलत नाही त्यावर प्लास्टिक किंवा जुनी चादर पसरायची, देवघर झाकायचे. घरात चूल असेल तर वर्षानुवर्षांची काजळी, जळमटे आणि उंदरांची घाण कौल हलताच खाली येते. बिगाऱ्याने नाकाला फडके बांधले नाही तर आठवडाभर खोकला जात नाही. मग शिडी. ती किती तिरपी लावावी याचा साधा हिशेब आहे: चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर. वरचे टोक वळचणीच्या वर तीन फूट तरी निघालेले हवे, म्हणजे चढणाऱ्याला शेवटच्या पायरीवर धरायला काहीतरी राहते. शेणाने सारवलेल्या किंवा शहाबादी फरशीच्या अंगणात शिडीचा पाय सरकतो. म्हणून तिथे गोणपाट घालतात, आणि वर दोरीने बांधून होईपर्यंत बिगाऱ्याने शिडी सोडायची नसते.

जुने मिस्त्री एक नियम कटाक्षाने पाळतात: संध्याकाळपर्यंत बंद करता येईल तेवढेच छप्पर सकाळी उघडायचे. मे महिन्यात दुपारनंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही, आणि उघड्या घरात पाणी शिरले तर मातीच्या भिंतीचे होणारे नुकसान फुटक्या कौलांच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठे असते. ढग दिसताच ताडपत्री ओढायला माणूस तयार असावा लागतो. हे कामही बिगाऱ्याचेच, आणि ते वाऱ्यात करायचे असते.

उतरवणे आढ्यापासून सुरू होते, कारण वरच्या ओळीतले कौल खालच्या ओळीवर चढलेले असते. आधी आढ्यावरचे कोने निघतात. ते जुन्या मालात घट्ट बसलेले असल्याने छिन्नीने हळूहळू सोडवावे लागतात. त्यानंतर ओळीमागून ओळ कौले मोकळी होतात. वरचा माणूस शिडीवरच्याला देतो, शिडीवरचा खालच्याला, खालचा रचणाऱ्याला. माणसे जास्त असली की ही साखळी अंगणाच्या कडेपर्यंत जाते, आणि तिच्यात बायाही असतात. उंची कमी असेल आणि हात सरावलेले असतील, तर कौल वरून सोडले जाते आणि खालचा ते झेलतो. झेलताना हात किंचित खाली नेत वजन घ्यायचे असते. ताठ हाताने झेलले तर कौलही फुटते आणि बोटेही ठेचतात. कौलाच्या पोकळीत विंचू सापडणे ही नित्याची गोष्ट, आणि गांधीलमाशांचे पोळे तर उघडल्यावरच कळते. म्हणून जाणते बिगारी कौल उचलण्याआधी ते जरा हलवतात, मगच खाली हात घालतात.

शाकारणीतले खरे कसबाचे काम यानंतर, जमिनीवर होते. उतरलेले प्रत्येक कौल घासून धुवावे लागते. शेवाळ केवळ दिसायला वाईट म्हणून काढत नाहीत. दोन कौले जिथे एकमेकांत बसतात त्या खाचेत शेवाळ आणि माती साचली की पाणी वाहून जाण्याऐवजी तिथे थबकते, मागे सरकते आणि रिपेवरून घरात उतरते. काथ्या किंवा तारेचा ब्रश घेऊन खाच मोकळी करायची, कौल धुवायचे आणि उन्हात वाळू द्यायचे. वाळल्यावर परीक्षा. डाव्या हाताच्या बोटांवर कौल तोलून धरायचे आणि उजव्या हाताच्या पेराने मधोमध ठोका मारायचा. पक्के कौल खणखणते. केसासारखा तडा असला तर बद्द आवाज येतो, मग तो तडा डोळ्यांना दिसो न दिसो. दीड हजार कौले अशी एकेक करून कानाने तपासायची आणि त्यांचे तीन ढीग लावायचे: साबूत कौले, कड उडालेली पण कापून कडेच्या ओळीत बसवता येतील अशी, आणि टाकाऊ. दिवसाच्या शेवटी, हात भरून आले असताना, बद्द वाजलेले एखादे कौल साबूतच्या ढिगात गेले तर ते जुलैत नेमके माजघरावर गळते. मिस्त्री वर बसून प्रत्येक कौल तपासत नाही. तो खालून आलेले कौल लावत जातो. ज्या कामाला बिनकसबी म्हणून मजुरी कमी, त्याच कामावर छपराचा भरवसा असतो.

कौले उतरली की लाकूड उघडे पडते. वाळवीने पोखरलेला वासा किंवा कुजलेली रीप सुतार बदलतो आणि बिगारी जुने खिळे उपटतो, रीप धरून ठेवतो, माप देतो. दोन रिपांमधले अंतर सगळीकडे सारखे लागते, साधारण एक फुटाहून थोडे अधिक; ते चुकले तर कौलाचे नाक रिपेत बसत नाही. त्यासाठी लाकडाची एक पट्टी मापाला कापून घेतात आणि प्रत्येक रिपेला ती लावून बघतात. वाळवी लागू नये म्हणून वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावायची रीत कोकणात आहे. उपाय चांगला, पण हे तेल कातडी जाळते. हातमोजे न घालता ते लावणाऱ्याच्या बोटांची साले निघतात, आणि हातमोजे बिगाऱ्याला सहसा कोणी देत नाही.

घालताना क्रम उलटा होतो. वळचणीपासून सुरुवात, आढ्याकडे चढत जायचे. बिगाऱ्याने कौले वर पोचवताना ती दोन्ही पाख्यांवर सारखी वाटून, वाशांवर छोट्या छोट्या थप्प्यांत ठेवायची असतात. एकाच बाजूला ढीग रचला की कैचीवर भार तिरपा येतो, आणि जुन्या लाकडाला तो झेपेलच असे नाही. छपरावर पाय कुठे ठेवायचा हे त्याने पहिल्याच दिवशी शिकायचे: कौलाच्या मध्यावर कधीच नाही, खालच्या कडेजवळ, जिथे दोन कौले एकमेकांवर चढतात आणि खाली रिपेचा आधार असतो तिथे. वळचणीची ओळ वाऱ्याने आधी उचलली जाते, म्हणून तिथली कौले तारेने रिपेला बांधतात. शेवटी कोने मालात बसवले जातात. हा माल कालवणे हे बिगाऱ्याचे हक्काचे काम: वाळू चाळून घ्यायची, सिमेंट कोरडेच नीट मिसळायचे आणि पाणी बेताने. माल पातळ झाला तर कौलावरून ओघळतो, घट्ट राहिला तर कोन्याला धरत नाही. पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ कोन्यांवर पाणी मारावे लागते. ते कोणी मारले नाही तर आढ्यावर बारीक भेगा पडतात आणि पहिल्या जोराच्या पावसात पाणी तिथूनच आत येते.

कुंभाराच्या हातची नळीची कौले अजून ज्या घरांवर आहेत, तिथले काम वेगळे आणि अधिक वेळखाऊ. ही कौले खाचेत अडकत नाहीत. उताणी आणि पालथी अशी एकावर एक नुसती ठेवलेली असतात. मांजर, कावळा, वानर कोणीही ती सरकवते. त्यामुळे ती दरवर्षी चाळावीच लागतात. विदर्भातल्या कवेलूंच्या घरांचीही हीच गत. वानरांचा उपद्रव हे तर कोकणातून कौले जाऊन पत्रे येण्याचे एक मोठे कारण आहे: दरवर्षी शेकड्याने कौले फुटू लागली की घरमालक कंटाळतो आणि लोखंडी कैचीवर पत्रा घालतो.

पत्र्याच्या कामात बिगाऱ्याचे ओझे बदलते. दहा-बारा फुटांचा पत्रा दोराने वर ओढताना वाऱ्याची एक झुळूक पुरते. पत्रा शिडासारखा फिरतो आणि त्याची धार तळहात चिरते. घरावरून विजेची तार गेलेली असेल तर हे काम जिवावरचे होते. पत्रे एकमेकांवर चढवताना जोडाचे तोंड वाऱ्याच्या दिशेला येऊ नये. कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्याला पाठ करून जोड द्यायचा. बोल्ट नालीच्या उंच भागात मारायचा, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगटातून वाहते. वरचा माणूस बोल्ट सोडतो आणि कैचीवर बसलेला बिगारी खालून नट पकडतो. डांबरी वॉशर घालायचा राहिला तर तो दोष पुढे कुणाला दिसत नाही, पण गळतो. मशीनने भोके पाडली की पत्र्यावर लोखंडाचा बारीक कीस उडतो. तो त्याच संध्याकाळी झाडून काढावा लागतो; रात्रीच्या दवाने कीस गंजतो आणि त्याचे डाग पत्र्याचा मुलामा खातात. मे महिन्यात पत्रा इतका तापतो की अकरानंतर त्यावर हात टेकवत नाही. शहाणा ठेकेदार सकाळी सहाला काम लावतो आणि दुपारी थांबवतो. सगळेच ठेकेदार तसे करत नाहीत.

जुने सिमेंटचे पत्रे हा सर्वांत घातकी प्रकार. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि ते कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेने निःसंदिग्धपणे सांगितलेले आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्यतपासणीबद्दल आणि नुकसानभरपाईबद्दल आदेश दिले. छप्पर दुरुस्त करणारा बिगारी मात्र अशा कारखान्याच्या हजेरीपटावर कधीच नव्हता. त्याच्या छातीची तपासणी कोण करणार? हे पत्रे काढताना आधी पाणी मारून ओले करावेत, शक्य तो अखंड उतरवावेत, ग्राइंडरने कापू नयेत, तुकडे कोरडे झाडू नयेत. धोका धुळीत असतो आणि या साध्या खबरदारीने धूळ पुष्कळ कमी होते. दुसरा धोका लगेचचा. पंचवीस-तीस वर्षे ऊन-पाऊस खाल्लेला सिमेंटचा पत्रा वरून धड दिसतो आणि माणसाच्या पायाखाली फुटतो. त्यावर सरळ पाय देऊ नये. दोन-तीन आधारांवर पोचेल अशी लांब फळी टाकून तिच्यावरूनच चालावे. फळी हलवायला माणूस लागतो, वेळ जातो, म्हणून ती टाकली जात नाही, आणि छपरातून आत पडणे हे या कामातल्या मृत्यूंचे एक ठरलेले कारण होऊन बसते.

मुंबईत कामाचे रूप आणखी निराळे. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ पाहते. यांतल्या पुष्कळ चाळींवर अजून मंगलोरी कौले आहेत. तिथे खाली अंगण नाही. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचे छप्पर, खाली वर्दळीची गल्ली आणि आत नांदती कुटुंबे. कौल सोडून झेलायचा प्रश्नच येत नाही. सगळे घमेल्यात किंवा गोणीत भरून अरुंद लाकडी जिन्याने न्यावे लागते. गच्चीच्या इमारतींवर कौलांऐवजी जुना कोबा फोडायचा असतो. चार इंच जाडीच्या विटांच्या कोब्याचे वजन एका चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरते. शंभर चौरस मीटरची गच्ची म्हणजे वीस टन डेब्रिज. लिफ्ट खराब होते म्हणून सोसायट्या ती वापरू देत नाहीत, आणि हेल्पर गोण्या पाठीवर घेऊन जिना उतरत राहतो. नवा थर घातल्यावर गच्चीत पाणी कोंडून गळतीची परीक्षा घेतात. रात्री येऊन पातळीची खूण बघणारा आणि पाणी कमी झाल्यास जागा शोधणारा बहुधा हाच हेल्पर असतो.

या माणसांची गरज किती, हे २०२० च्या जूनमध्ये कळले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात घरांची छपरे उडवली, आणि पाऊस तर तोंडावर आला होता. टाळेबंदीमुळे परप्रांतीय मजूर गावी निघून गेले होते. पत्रे आणि कौले मिळेनात, मिळाली तर चढवायला माणसे मिळेनात. गावातल्या ज्यांना कधीकाळी शाकारणीचा सराव होता, त्यांना पुन्हा शिडीवर चढावे लागले.

पडण्यापासून वाचवणारी साधने महागडी नाहीत. आढ्याला आकडीने अडकवायची छपरावरची शिडी, पक्क्या तुळईला बांधलेला दोर आणि त्यात अडकवलेला सेफ्टी बेल्ट, घट्ट तळव्याचे बूट, हेल्मेट आणि खाली उभ्या माणसाला दूर ठेवणारी एक दोरी. हेल्मेटची सर्वाधिक गरज खालच्या माणसाला असते, कारण अडीच किलोचे कौल त्याच्याच डोक्यावर येते. प्रत्यक्षात असे दिसते की साधने आली तरी ती आधी मिस्त्रीला मिळतात. गावातल्या घरगुती कामांवर ती येतच नाहीत.

बिगाऱ्याची मजुरी हजेरीवर, मिस्त्रीपेक्षा बरीच कमी. शहरात तो सकाळी नाक्यावर उभा राहतो. सुतार, रंगारी, गवंडी यांच्या पिशवीतून हत्यारे डोकावतात, त्याचे हात रिकामे असतात. गावात बोलावणे ओळखीने येते आणि पावसाळ्याआधी उचल घेतलेली असली तर भावाला वाव राहत नाही. मिस्त्री होण्याचा मार्ग एकच: वर चढायची संधी मिळेपर्यंत बघत राहणे. बायांना ती संधी जवळजवळ कधीच मिळत नाही. वीस वर्षे कौले निवडलेली बाई मिस्त्रीपेक्षा कौल अधिक ओळखते, पण तिची हजेरी बिगाऱ्याचीच, आणि बहुधा पुरुष बिगाऱ्यापेक्षाही कमी. समान कामाला समान वेतन देणारा कायदा १९७६ सालीच झाला होता.

बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने बांधकामाच्या व्याख्येत दुरुस्ती आणि देखभालही धरली, त्यामुळे शाकारणीचा बिगारी व्याख्येने बांधकाम कामगार ठरतो. पण तो कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता आणि स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांच्या आतले काम त्यातून वगळले होते. चार माणसांची घरगुती शाकारणी अशी कायद्याच्या हद्दीबाहेर राहिली. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने मात्र आढ्यापर्यंत बारा फूट किंवा अधिक उंच असलेल्या इमारतीच्या दुरुस्तीवरचा कामगारही यादीत घेतला होता. हे कायदे २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या श्रमसंहितांमध्ये सामावले गेले.

महाराष्ट्रात बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि त्यातून इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ चालते. १८ ते ६० वयाच्या आणि आधीच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराला तिथे नोंदणी करता येते. नोंदणी असली की मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाला मदत मिळू शकते. एप्रिल आणि मे मिळून ६१ दिवस होतात. म्हणजे नुसत्या शाकारणीवर ९० दिवस भरत नाहीत. पावसाळा लागला की तो भातलावणीला जातो आणि ते दिवस धरले जात नाहीत. उरलेले महिनाभराचे दिवस दिवाळीनंतर गवंड्याच्या हाताखाली भरून काढावे लागतात. त्या दिवसांचा दाखला ठेकेदाराने किंवा ग्रामसेवकाने द्यायचा असतो. ज्याच्या घराचे छप्पर घातले त्या घरमालकाने कामाच्या तारखा आणि माणसांची नावे एका कागदावर लिहून सही करून दिली, तर ग्रामसेवकाकडे बिगाऱ्याला दाखवायला निदान काहीतरी हातात असते.